विचारायचे कुणाला?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपर नियतकालिके देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना एकाच वर्गणीत खुली करायची आणि त्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांत ६,००० कोटी रुपये खर्चायचे, अशी ती योजना. लाभार्थी १ कोटी ८० लाख सांगितले गेले. भागाकार केला तर माणशी दरसाल अकराशे रुपये पडतात. एका बऱ्या पाठ्यपुस्तकाची ही किंमत आहे, त्यामुळे खर्चाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वी एकेका विद्यापीठाने प्रकाशकांपुढे स्वतंत्रपणे हात पसरायचे, डॉलर वधारला की निम्मी नियतकालिके बंद करायची, हे दुष्टचक्र त्यामुळे थांबते, आणि ते थांबायलाच हवे होते. प्रश्न त्यापुढचा आहे. कोल्हापूरच्या, नांदेडच्या किंवा जळगावच्या विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधिका लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात ही १३,००० नियतकालिके एके सकाळी येऊन पडली, तर त्यांतली आपल्या कामाची कोणती आणि ती शोधायची कशी, हे त्याने कुणाला विचारायचे?

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ग्रंथालयाचे वर्णन ठरलेले असते. पुस्तके इतके लाख, नियतकालिके इतकी, डेटाबेस इतके, आसने इतकी, वायफाय आहे, इमारत वातानुकूलित आहे. संदर्भ विभागात माणसे किती, हा आकडा त्यात क्वचितच दिसतो. गेल्या तीस वर्षांत आपल्या विद्यापीठ-ग्रंथालयांची मिळकत खरोखर वाढली. ती वाचकाच्या हाती ठेवणारा माणूस मात्र कमी होत गेला. साधने आणि सेवा हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण पैसा पहिल्यावर खर्च होतो आणि दुसरीची पदे रिक्त राहतात. संदर्भसेवा उभी राहत नाही तोवर साधनांवरच्या खर्चाचा मोठा वाटा वायाच जाणार, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे नवे नाही, शंभर वर्षे जुने आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या अध्यापकाला ग्रंथपाल नेमले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवले. परत आल्यावर त्यांनी कुलूपबंद कपाटे मोकळी केली, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या आणि वाचकाच्या शेजारी उभा राहून त्याची अडचण समजून घेणारा कर्मचारी नेमण्याचा आग्रह धरला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. आपल्याकडे ते परीक्षेपुरते पाठ केले जातात. त्यांतला प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे हा एक आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे हा दुसरा, असे दोन सिद्धांत माणसावाचून पाळता येत नाहीत. रंगनाथन गणिती असल्यामुळे त्यांनी हे हवेत सोडले नाही. ग्रंथालयात किती कर्मचारी हवेत याचे एक सूत्रच त्यांनी बांधले. त्यात रोज येणाऱ्या ५० वाचकांमागे संदर्भ विभागात एक माणूस असा हिशेब आहे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्यांच्या सूत्राने पाहिले तर रोज ५०० वाचक येणाऱ्या ग्रंथालयाला नुसत्या संदर्भसेवेसाठी १० माणसे लागतील. आपल्या राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ही १० माणसे मोजून पाहावीत. देवघेवीच्या खिडकीवरची, ना-देय प्रमाणपत्रावर शिक्का मारणारी आणि दारावर पिशव्या ठेवून घेणारी मोजायची नाहीत.

संदर्भसेवा म्हणजे नेमके काय, हे एका विषयावरून पाहू. समजा, जालन्याच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी १९७२ च्या दुष्काळातल्या मजुरांवर लिहू पाहतो. गुगलवर त्याला रोजगार हमी योजनेबद्दलची भाराभर पाने मिळतील, आणि त्यांतली बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली असतील. खरी सामग्री पाच-सहा ठिकाणी विखुरलेली आहे. टंचाईग्रस्त भागांच्या पाहणीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या सुखठणकर समितीचा १९७३ चा अहवाल आहे. व्ही. सुब्रमणियन यांचे त्या दुष्काळावरचे ‘पार्च्ड अर्थ’ हे १९७५ सालचे पुस्तक आहे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे त्या वर्षांचे अंक आहेत. ज्याँ द्रेझ यांनी दुष्काळ-निवारणावर नंतर केलेले विवेचन आहे. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत, विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तान्त आहेत, ‘माणूस’सारख्या साप्ताहिकांचे जुने अंक आहेत, आणि निरनिराळ्या विद्यापीठांत याच विषयावर झालेले प्रबंध आहेत. यांतले एखाद-दुसरे साधन वर्गणीच्या डेटाबेसात मिळेल. बाकीची कुठे सरकारी प्रकाशनांच्या कपाटात, कुठे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात, कुठे बांधीव अंकांच्या धुळीत आहेत. ही यादी कुठल्याही यंत्रात तयार नसते. ती एखाद्या जाणत्या ग्रंथपालाच्या डोक्यात असते आणि चांगला प्रश्न विचारला गेला की बाहेर येते. शिवाय तो ग्रंथपाल विद्यार्थ्यालाच उलट विचारतो की तुला मजुरांची संख्या हवी, त्यांची मजुरी हवी, की त्यांचे बोलणे हवे? या एका उलट प्रश्नाने महिन्याचे काम आठवड्यावर येते. रंगनाथन वेळ वाचवा म्हणत तो असा.

मराठीत काम करणाऱ्याची गरज याहून मोठी आहे, कारण त्याच्यासाठी विकत घेण्याजोगा डेटाबेसच अस्तित्वात नाही. १९४७ साली सुरू झालेले वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे ‘परामर्श’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांत मराठी विचारांचा पाऊण शतकाचा आणि काही बाबतींत त्याहून जुना ऐवज पडून आहे. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा ऐवज गाठायचा तर सूची लागते, आणि सूचीच्या कामात मराठीचा वारसा लहान नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती म्हणावी अशा जिद्दीने तयार केली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८०० ते १९५० मधल्या नियतकालिकांची सूची काढली. ही कामे संस्थांच्या आणि व्यक्तींच्या हौसेवर झाली. त्यांना पुढे नेण्याचे काम ज्यांच्याकडे इमारत, वेतनश्रेणी आणि ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत त्या विद्यापीठांनी नेटाने अंगावर घ्यायला हवे होते. तसे झाले असते तर आज १९५० नंतरच्या मराठी नियतकालिकांतला लेख शोधताना अंक उलटत बसण्याखेरीज पर्याय नाही, अशी अवस्था आली नसती.

त्यात तालिकेची एक वेगळीच रड आहे. कार्डांची तालिका जाऊन संगणकीय तालिका आली तेव्हा अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत झाली. ‘ज्ञानेश्वरी’तले पहिले जोडाक्षर रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येते, आणि नोंद करणाऱ्याने कोणती तऱ्हा धरली हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. पुस्तक फडताळात असते आणि संगणक ‘नोंद नाही’ असे सांगतो. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संगणकीय भांडारातही शोधाची अशीच अडचण आहे. पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय प्रतीत जमा करण्याचे बंधन आयोगाने २००९ च्या नियमांनी घातले आणि ‘इन्फ्लिबनेट’ने ते प्रबंध सर्वांसाठी मोफत खुले केले. भारतातल्या ग्रंथालय-चळवळीत अलीकडे झालेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींत मी ‘शोधगंगा’ची गणना करीन. नांदेडचा प्रबंध आता कोल्हापुरात बसून वाचता येतो; पूर्वी तो मार्गदर्शकाच्या कपाटात पिवळा पडायचा. पण मराठी प्रबंधांपैकी बरेच युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले आहेत. त्यांच्या पोटात शब्द शोधायला गेले की यंत्राला निरर्थक अक्षरांची रांग दिसते. ‘इन्फ्लिबनेट’चा जन्म १९९१ साली पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’च्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून झाला आणि १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. गावात एवढी तंत्रविद्या असूनही मराठी नोंदी देवनागरीत शुद्ध करण्याचे कंटाळवाणे, बिनदिखाऊ काम कुणाच्या वाट्याला आले नाही, कारण त्या कामासाठी पद नाही.

तुलनेसाठी एक उदाहरण दूरचे आहे, पण त्याचा धागा थेट मराठीशी आहे. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्याखालच्या धान्यविक्रीतून साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठी पुस्तके, दिवाळी अंकसुद्धा गेले. शिकागो विद्यापीठाने या साठ्याबरोबर दक्षिण आशियाचा जाणकार ग्रंथपालही ठेवला. मॉरीन पॅटर्सन या तिथल्या ग्रंथपाल स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक होत्या. म्हणजे पुस्तकांमागे ती पुस्तके ओळखणारा माणूस होता. आज मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आंतरजालावर फुकट चाळता येतो तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. मराठीच्या अभ्यासकाला आपल्या भाषेच्या पुस्तकाचा पत्ता परदेशी तालिकेत लवकर लागतो, याची लाज वाटून घेण्याची गरज नाही. पण त्यामागचे कारण समजून घेण्याची आहे. पुस्तके आपल्याकडे जास्तच होती.

आपला पैसा कुठे जातो याचे मुंबईतले उदाहरण बोलके आहे. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि लगोलग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. त्यांच्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला. आज जगाला टॉवर माहीत आहे, त्याच्या पायाशी ग्रंथालय आहे हे कित्येक मुंबईकरांनाही सांगावे लागते. त्या वास्तूचा २०१५ मध्ये जीर्णोद्धार झाला, २०१८ मध्ये ती जागतिक वारसा यादीतल्या परिसराचा भाग बनली, आणि या दोन्ही गोष्टी आनंदाच्याच आहेत. पण देणगीदार असो की सरकार, दिसणाऱ्या वस्तूवर पैसा घालण्याचा मोह जुना आहे. इमारतीला कोनशिला बसवता येते, डेटाबेसचे उद्घाटन करता येते. सहायक ग्रंथपालाचे रिक्त पद भरले म्हणून कुणी फीत कापत नाही.

जे थोडे ग्रंथपाल उरले आहेत त्यांच्यावर २०१८ पासून एक नवी जबाबदारी आली. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर माफ, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा. तपासणीचे सॉफ्टवेअर सरकारने पुरवले आणि ते चालवण्याचे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आले. नियम गरजेचा होता यात वाद नाही. पण त्यातून संशोधक आणि ग्रंथपाल यांची पहिली गाठ पडते ती प्रबंध लिहून झाल्यावर, प्रमाणपत्रासाठी. तीन-चार वर्षे आधी, विषय ठरत असताना, ज्याने वाट दाखवायची तो शेवटी नाक्यावरच्या तपासनिसासारखा भेटतो. (मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर ही तपासणी पुष्कळदा नावापुरतीच होत असणार, कारण छापील मराठीचा मोठा भाग संगणकावर नसताना ते यंत्र ताडून पाहणार तरी कशाशी?)

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत जोरदार आक्षेप असा की संदर्भ-ग्रंथपालाचे काम गुगलने आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने घेतले आहे; विद्यार्थी स्वतःच शोधतो, मध्यस्थ कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. एखादी तारीख, एखादा पत्ता, शब्दाचा अर्थ यांसाठी आता कुणी संदर्भ विभागात जाणार नाही आणि जाऊही नये. पण संवाद साधणारी ही नवी यंत्रे अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख लेखकाच्या नावासह, पृष्ठांकासह ठामपणे सांगतात, हे आता जगभरच्या ग्रंथपालांच्या परिचयाचे झाले आहे. छापील मराठीचा थोडाच भाग त्यांच्या पोटात गेला असल्याने मराठी विषयांत त्यांच्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे. उत्तरे स्वस्त झाली की ती पारखणारा महाग होतो. शिवाय साधन हाताशी असूनही वापरता येत नाही याचा पुरावा याआधीच मिळालेला आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१६ मध्ये ‘साय-हब’ या बेकायदा लेखभांडाराच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात भारतातून ३४ लाख मागण्या झाल्या होत्या. आपल्याला परवडत नाही म्हणून हे होते, असे त्यावर म्हणता येईल. पण ज्यांच्या ग्रंथालयांत बहुतेक सर्व काही विकत घेतलेले असते त्या अमेरिकी विद्यापीठांच्या गावांतूनही मागण्या मोठ्या होत्या. अधिकृत वाट किचकट असली की माणूस कुंपणावरून उडी मारतो. ‘वन नेशन’चा ६,००० कोटींचा दरवाजा उघडला तरी तिथपर्यंत नेणारे कुणी नसेल तर कुंपणावरची गर्दी कमी होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना संदर्भ नकोच असतात, त्यांना हवी असते बसायला जागा. स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तके घेऊन पहाटे येणारा, पंख्याखालची खुर्ची धरणारा आणि रात्री उठणारा विद्यार्थी हाच आजचा मुख्य वाचक आहे, मग त्याच्यासाठी अभ्यासिका वाढवाव्यात. वाढवाव्यातच. एका खोलीत पाचजण राहणाऱ्या मुलाला शांत टेबल मिळणे ही चैन नव्हे, आणि त्याला कमी लेखणाऱ्या प्राध्यापकांशी मी सहमत नाही. पण अभ्यासिकेतली खुर्ची आणि ग्रंथालयाची सेवा यांचा हिशेब एका वहीत मांडणे चूक आहे. उच्च शिक्षणसंस्थांच्या ‘नॅक’ मूल्यांकनात ग्रंथालयाचा रोजचा वापर मोजला जात आला आहे. दारावरच्या नोंदीत दिवसाला ८०० सह्या झाल्या की आकडा घसघशीत दिसतो. त्या ८०० जणांपैकी कितींनी ग्रंथालयाच्या एका तरी पुस्तकाला हात लावला, कितींनी एक तरी प्रश्न विचारला, हे त्या आकड्यातून कळत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पद मंजूर होत नाही, ही सरकारी कारभाराची साधी रीत आहे.

संदर्भ सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे, असे काही जण म्हणतात. मार्गदर्शकाला आपला विषय माहीत असतो, ग्रंथालयाची तालिका नव्हे; आणि पदव्युत्तर वर्गातल्या साठ मुलांना मार्गदर्शक असतो कुठे?

उरतो पैशाचा आक्षेप. विद्यापीठांकडे पैसा नाही, शासन भरतीला परवानगी देत नाही, प्राध्यापकांचीच पदे रिक्त असताना ग्रंथपालांचे काय घेऊन बसलात? इथे थोडे थांबून पाहायला हवे, कारण महाराष्ट्रात विद्यापीठ म्हणजे केवळ त्याचे आवार नव्हे. बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात आणि ही महाविद्यालये बहुतांशी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. ‘वन नेशन’च्या पहिल्या टप्प्यात सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयाला अजून मुख्य आधार ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-साधनांच्या योजनेचा. वर्षाला ५,००० रुपये आणि वर कर भरला की हजारो नियतकालिके आणि लाखांच्या घरातली ई-पुस्तके. यापेक्षा स्वस्त सौदा शिक्षणक्षेत्रात दुसरा नसेल. तरीही तिथल्या कित्येक विद्यार्थ्यांना आपल्या नावाचा पासवर्ड आहे हे पदवी मिळेपर्यंत कळत नाही. प्रत्येक महाविद्यालयात १० संदर्भ-ग्रंथपाल नेमा, असे कुणी म्हणत नाही. पण विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाच-सहा जाणत्यांचा एक कक्ष उभारून फोन, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्व संलग्न महाविद्यालयांचे प्रश्न घेणे, आणि दिलेली उत्तरे जपून ठेवून त्यांतून सूची वाढवत नेणे, हे आजच्या अंदाजपत्रकांतही अशक्य नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ज्ञानस्रोत केंद्राच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या, संचालकाला विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत स्थान दिले आहे. अधिकार कागदावर आहे, त्याच्या हाताखाली माणसे द्यायची आहेत.

माणूस दिला की काय होते, याचा दाखला मुंबईतच आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक साधन केंद्र सुरू झाले. पुस्तके स्कॅन करून ऐकण्याजोगी करणे, परीक्षेची आणि वाचनाची व्यवस्था लावणे, एकेकाची अडचण ऐकून घेणे, असे ते काम. ते करता करता लक्षात आले की खरा अडसर स्वामित्वहक्काच्या कायद्यात आहे, आणि केंद्राने त्याविरुद्ध देशातल्या इतर संस्थांबरोबर पाठपुरावा केला. २०१२ मध्ये कायदा बदलला. सुलभ स्वरूपात प्रत काढायला परवानगी मागण्याची गरज उरली नाही. पुढे दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारावर मान्यतेची मोहोर उमटवणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. एका महाविद्यालयातल्या सेवेने जे जवळून पाहिले ते संसदेपर्यंत गेले. नुसत्या सॉफ्टवेअरच्या खरेदीतून हे घडले नसते.

अशी माणसे द्यायला लावण्याचा एक मार्ग आपल्याही हाती आहे. विद्यापीठांच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतील, काहींनी ते नोंदवलेही असेल. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याला इमारतींबद्दल आणि डेटाबेसबद्दल बोलू द्यावे, आणि मग एवढेच विचारावे की आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाची मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती, आणि उरलेली भरण्यासाठी तुम्ही अधिसभेत केव्हा उभे राहणार? उत्तर लेखी मागावे.